कोल्हापुरात नवे आहात? सुरुवात तालमीपासून करा

बाहेरगावचा माणूस कोल्हापुरात येतो, अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, तांबडा-पांढरा ओरपतो, चपला घेतो आणि परत जातो. शहराची खरी करमणूक त्याच्या दोन गल्ल्या पलीकडे चालू असते आणि त्याला पत्ताच नसतो. तो पत्ता एका शब्दात आहे: तालीम. दुसरीकडे तालीम म्हटलं की लाल मातीचा आखाडा किंवा नाटकाची तालीम डोळ्यांपुढे येते. इथं तालीम म्हणजे पेठेचा कणा. ज्या मंडळाच्या आवारात पैलवान घडले, त्याच मंडळाच्या नावानं फुटबॉलचा संघ उतरतो, त्याच मंडळाचा गणपती बसतो आणि शिवजयंतीला दांडपट्टाही तिथलीच पोरं फिरवतात. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली पायरी: आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

कुस्तीची मैदानं, म्हणजे जाहीर कुस्त्यांचे कार्यक्रम, दिवाळीनंतर सुरू होतात आणि गावोगावच्या जत्रांबरोबर चैत्र-वैशाखात भरात येतात. फुटबॉलचा हंगाम साधारण डिसेंबरपासून पाऊस सुरू होण्याआधीपर्यंत. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची कोल्हापूर केंद्रावरची फेरी सहसा नोव्हेंबर-डिसेंबरात असते. त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यानं जानेवारी ते मार्च हा काळ धरावा. हवा बरी असते, मैदानं आणि सामने दोन्ही चालू असतात आणि सणांची गर्दी नसल्यानं खोली मिळते.

जून ते सप्टेंबर पाऊस जोरात असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तर रस्तेही बंद होतात. या काळात मैदान बघायला मिळणार नाही. तालमीतला सराव मात्र छपराखाली असतो, तो थांबत नाही.

सण तिथीवर आहेत, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते. दिनदर्शिका बघूनच ठरवा. याला अपवाद अंबाबाईच्या किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीची किरणं देवीवर पडतात त्या सोहळ्याचा. तो सूर्यावर असल्यामुळे ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे त्याचे ठरलेले दिवस.

दुसरी पायरी: मुक्काम चालण्याच्या अंतरावर घ्या

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी कोल्हापुरात सोडते. एसटीनं आलात तर मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन जवळजवळ आहेत. बरेच लोक तिथंच खोली घेतात आणि मग दिवसभर रिक्षांत पैसे घालवतात. खेळ आणि सण बघायला आला असाल तर भवानी मंडप, महाद्वार रोड, बिंदू चौक या पट्ट्यात राहा. अंबाबाईचं मंदिर, मोतीबाग तालीम, खासबाग मैदान, शाहू स्टेडियम हे सगळं तिथून पायी होतं. स्वतःची गाडी असेल तर ती बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावून विसरून जा. मंदिराभोवतीच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि सणाच्या दिवशी त्या वाहनांना बंद असतात. नवरात्रात मात्र हा सगळा भाग आधीच भरतो, तेव्हा ताराबाई पार्कच्या बाजूला बघावं.

तिसरी पायरी: पहाटेची तालीम

मैदानाआधी तालीम बघावी. मैदानात जे अर्ध्या मिनिटात घडून जातं त्याच्या मागे काय आहे हे तालमीत कळतं आणि मग कुस्ती दिसायला लागते. भवानी मंडपालगतची मोतीबाग, गंगावेश आणि शाहूपुरी ही जुनी नावं. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव शिकायला कोल्हापुरात राजाराम कॉलेजात होते. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि त्यांच्या पुढच्याच वर्षीचे गणपतराव आंदळकर हेही याच शहराच्या मातीत घडले.

सराव दोन वेळा होतो, पहाटे साडेचार-पाचपासून आठपर्यंत आणि दुपारी चारनंतर. बघायला पहाटच चांगली. जाण्याआधी आदल्या दिवशी संध्याकाळी तालमीत डोकावून वस्तादांना किंवा तिथल्या थोरल्या पैलवानाला विचारून या. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानं वागणुकीत फार फरक पडतो. न विचारता पहाटे दारात मोबाईल धरून उभं राहिलेला माणूस कुणालाच आवडत नाही.

आत गेल्यावर चपला बाहेर काढा. मातीच्या हौदात पाय ठेवायचा नाही, हौदाच्या काठावरून पलीकडं ओलांडायचंही नाही. पैलवान उतरताना माती कपाळाला लावतो, मारुतीला नमस्कार करतो. ती जागा देवघरासारखी मानतात. फोटो विचारून काढा. लंगोटावर कसरत करणाऱ्या पोरांचे जवळून फोटो घेणं टाळा. जुन्या तालमींमध्ये बायकांना आत घेण्याची रीत नव्हती आणि काही ठिकाणी ती अजून पाळतात. बाहेरच्या मैदानांवर मुलींच्या कुस्त्या मात्र आता होतात. बाईमाणूस सोबत असेल तर आदल्या दिवशी विचारताना तेही विचारून घ्या, म्हणजे पहाटे दारातून परत फिरावं लागणार नाही.

काय बघायचं? आधी माती. ती नुसती लाल माती नसते. तिच्यात हळद, लिंबू, ताक, तेल, काव असं मिसळून ती मुरवलेली असते. हळद-लिंबानं खरचटलेलं चिघळत नाही असं मानतात. तेला-ताकानं माती मऊ राहते आणि ढेकळं होत नाहीत. सराव सुरू होण्याआधी पोरं खोऱ्यानं हौद उकरतात, तोही व्यायामच. कडक हौदात पडलेल्या पैलवानाचा खांदा निखळतो, म्हणून उकरण्यात कुणी कुचराई करत नाही. मग जोर, बैठका, सपाट्या आणि शेवटी लढती. वस्ताद काठावर बसून एखाद-दुसरा शब्द बोलतो, त्याच्याकडं लक्ष ठेवा. नव्या माणसाला तिथली कुस्ती त्या शब्दांवरूनच समजते.

तालमीतून निघाल्यावर खुराकाची चव घ्यायची असेल तर बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून केलेली थंडाई प्या. गंगावेशीतला दूधकट्टा संध्याकाळनंतरचा. तिथं म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढतात. धारोष्ण दूध प्यायची सवय नसेल तर पहिल्याच दिवशी मोठा पेला घेऊ नका. पोट बिघडलं तर दुसऱ्या दिवशीचं मैदान हातचं जाईल. कच्चं दूध चालत नसेल तर तापवलेलं मागा.

चौथी पायरी: मैदान

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, तिथं त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि परत आल्यावर खासबाग मैदान उभं केलं. ते १९१२ साली पुरं झालं. मधला गोल आखाडा आणि भोवती वर चढत जाणारी माणसांची बैठक अशी त्याची रचना आहे. तीस हजारांच्या आसपास माणूस बसतो आणि कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते. शंभर वर्षांपूर्वी एका राजानं साध्या प्रेक्षकाच्या नजरेचा एवढा विचार केला, याची किंमत तिथं बसल्यावर कळते. कुस्ती नसेल त्या दिवशीही आत जाऊन वरच्या कडेवरून आखाडा बघून यावं.

मैदान कधी आहे हे समजायला चौकातले फलक बघा. पैलवानांचे जोडीनं छापलेले फोटो, खाली वस्तादाचं आणि तालमीचं नाव, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘प्रथम क्रमांकाची कुस्ती’. खासबागेत काही नसेल तर आसपासच्या गावातल्या जत्रेचं मैदान गाठा. तिथं सहसा तिकीट नसतं. खासबागेत मोठ्या मैदानाला असू शकतं.

फलकावरची वेळ दुपारची असते. नवे लोक विचार करतात की मुख्य कुस्ती शेवटी आहे, तर संध्याकाळी सहाला जाऊ. इथंच चुकतं. सुरुवातीला बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, अशी रांग असते. शेवटच्या दोन-तीन कुस्त्यांना जागा तर मिळत नाहीच, पुढचे लोक उभे राहिल्यानं दिसतही नाही. तीन-साडेतीनपर्यंत जाऊन बसा. पश्चिमेकडच्या बाजूला, पाठीवर ऊन घेऊन बसायचं. समोरच्या बाजूचे प्रेक्षक दोन तास डोळ्यांवर हात धरून बघत असतात. अगदी खाली काठावर जाऊ नका, मधल्या उंचीवर बसा. बरोबर पाण्याची बाटली, तोंडावर बांधायला रुमाल आणि गावच्या मैदानाला जाणार असाल तर बुडाखाली पोतं किंवा जाड वर्तमानपत्र. खिशात दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा ठेवा. चांगली कुस्ती मारलेला पोरगा प्रेक्षकांतून फेरी काढतो तेव्हा लोक त्याच्या हातात बक्षीस देतात. त्या पैशावर त्याचा महिन्याचा खुराक चालतो. मनापासून आवडली असेल तर द्या, दहा रुपयेही तो वाकून घेतो.

कुस्ती कळायला तीन गोष्टी पुरे. एक, हार-जीत. दोन्ही खांदे एकाच वेळी मातीला लागले की चितपट. निकाली कुस्ती असेल तर चितपट होईपर्यंत लढायचं. पंचांनी वेळ लावून दिली असेल तर मग गुणांवर निकाल लागतो किंवा कुस्ती बरोबरीत सोडवतात. दोन, सुरुवातीची खडाखडी. सलामी झाल्यावर दोघं एकमेकांच्या मानेवर आणि हातावर जोर लावत फिरतात. नव्या माणसाला वाटतं काहीच चाललेलं नाही, पण दोघं समोरच्याचा दम आणि वजन कुठल्या पायावर आहे ते अजमावत असतात. तीन, कब्जा. एकानं झेप घेऊन दुसऱ्याचा पाय धरला की त्यानं पट काढला. त्याच्या पाठीमागं जाऊन त्याला खाली दाबला की कब्जा घेतला. इथून पुढं वरचा घिस्सा मारून किंवा मोळी बांधून उलटवायला बघतो, खालचा उठायला किंवा निसटायला. हलगीचा ठेका या वेळी वाढतो. नजर हटली तरी कानाला कळतं की आता काहीतरी होणार. निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, मागच्या कुस्त्या सगळं सांगत असतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ‘मामा, हा कुठल्या तालमीचा?’ एवढं विचारा, बाकीची माहिती आपोआप येते.

पाचवी पायरी: फुटबॉल

महाराष्ट्रात क्रिकेट सोडून फुटबॉलसाठी पेठा भांडतात अशी गावं फार नाहीत. इथला कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन बघते, लोक तिला केएसए म्हणतात. सामने शाहू स्टेडियमवर होतात. वरिष्ठ गटात सोळा संघ असतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही त्यांतली नावं वाचली की पहिल्या परिच्छेदात तालमीचं का सांगितलं ते लक्षात येईल. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

आधी साखळी सामने होतात, मग वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा लागतात. बहुतेक दिवशी दुपारी एकापाठोपाठ दोन सामने असतात, दुसरा चारच्या सुमारास. वेळ स्थानिक वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर सकाळी मिळते. मंगळवार पेठेचा पाटाकडील आणि शिवाजी पेठेचा शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर असतील तर तासभर आधी जा.

बसताना एक पथ्य पाळा. प्रत्येक संघाचे पाठीराखे ठरलेल्या बाजूला बसतात. अनोळखी माणसानं दोन्हींच्या मधली जागा धरावी आणि कुठल्याही संघाच्या रंगाचा शर्ट घालू नये. गोल झाल्यावर टाळ्या दोघांना वाजवा, कुणी काही म्हणत नाही. चुरशीच्या सामन्यात कधी बाचाबाची होते, क्वचित त्याहून जास्त. मैदानात बाटल्या यायला लागल्या की थांबून चित्रण करण्यात शहाणपण नाही, सरळ बाहेर पडावं. लहान मुलं बरोबर असतील तर साखळीतला मधल्या संघांचा सामना निवडा. खेळ तितकाच चांगला असतो आणि मुलांना चेंडू दिसतो. ‘भावा, कोण जिंकणार?’ असं मात्र नक्की विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

सहावी पायरी: नाटक, गाणं, चित्रं

खासबागेला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेल्या आगीत ते जळालं. कोल्हापूरकरांना हे घरातलं माणूस गेल्यासारखं लागलं. त्यानंतर फेरउभारणीचं काम हाती घेण्यात आलं. म्हणून नाटकाला जाताना ‘केशवराव’ गृहीत धरू नका. प्रयोग कुठं आहे हे जाहिरातीत नीट वाचा आणि मगच तिकीट काढा.

दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन हा भरवशाचा पत्ता. व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं, चित्रपट महोत्सव, काहीतरी चालूच असतं. संध्याकाळी मोकळे असाल तर बाहेरचा फलक वाचायचा आणि आत शिरायचं. गाण्याची आवड असेल तर गायन समाज देवल क्लबच्या मैफलींची चौकशी करा. संस्था १८८३ सालची आहे. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते, जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली त्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. इथला श्रोता जाणकार आहे. मैफलीत फोन वाजला तर मागं वळून बघतात.

राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग अगदी स्वस्त तिकिटात बघायला मिळतात. एखादं फसलेलं निघेल, पण आठवडाभर रोज गेलात तर दोन-तीन तरी असे मिळतील की व्यावसायिक रंगभूमीवर मिळणार नाहीत.

चित्रपटाच्या इतिहासासाठी खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ बघा. बाबूराव पेंटरांनी इथं स्वदेशी कॅमेरा बनवून सिनेमा काढला आणि प्रभात कंपनीही १९२९ साली कोल्हापुरातच सुरू झाली, पुण्याला ती नंतर गेली.

सातवी पायरी: सणाच्या दिवशी कुठं उभं राहायचं

किरणोत्सव सूर्यास्ताच्या वेळी होतो. महाद्वारातून आलेली किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, असा क्रम. नोव्हेंबरात पाच वाजता आणि फेब्रुवारीत साडेपाचला आवारात असायला हवं. गाभाऱ्यासमोर जागा मिळेलच असं नाही, बाहेर पडद्यावर दाखवतात ते बघा. ढग, हवेतली आर्द्रता आणि धूळ, किंवा वाटेतल्या इमारतींचा अडथळा, यांपैकी काही आलं तर किरणं मध्येच क्षीण होतात. म्हणून एकाच दिवसावर भिस्त न ठेवता दोन दिवस हातात ठेवा.

नवरात्रात ललिता पंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फोडतात. कोहळ्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते, म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन पुढं जाऊ नये. अष्टमीच्या रात्री नगरप्रदक्षिणा असते. ती रस्त्याच्या कडेला शांत उभं राहून बघता येते, नव्या माणसाला हीच जास्त सोयीची. दसऱ्याचा शाही सोहळा दसरा चौकात सूर्यास्ताला होतो. छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं आणि लगेच सोनं लुटतात. चारच्या आत पोचा. मधल्या मोकळ्या जागेजवळ राहू नका, कारण तिथंच लोक धावतात. कडेला राहिलात तरी ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत आपट्याचं पान हातात देणारं कुणीतरी भेटतंच.

गणपती बघायचे तर पाचव्या दिवसानंतर रात्री राजारामपुरीतले देखावे बघा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक सकाळी खासबागेच्या बाजूनं सुरू होते. तुकाराम माळी तालमीचा मानाचा पहिला गणपती पुढं असतो, मग महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश असा मार्ग. सकाळ ते दुपारपर्यंत ढोल-ताशे, लेझीम, मर्दानी खेळ हे बघण्यासारखं आहे. लाठी, पट्टा, विटा नावाचा भाला फिरवणारी मुलं मुली दिसली की रिंगणापासून किमान दहा फूट मागं राहा. विटा दोरीला बांधलेला असतो आणि त्याचा पल्ला नजरेच्या अंदाजापेक्षा मोठा असतो. रात्री महाद्वार रोडवर भिंती हादरतील एवढा आवाज असतो. तान्ही बाळं आणि हृदयाचा त्रास असलेली माणसं घेऊन तिथं जाऊच नका, मुक्कामही त्या रस्त्यावर नको.

कोल्हापुरात रंग धुळवडीला खेळत नाहीत, रंगपंचमीला खेळतात. त्या दिवशी दुपारपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, प्रवासाची निघानिघी त्यानंतर ठेवा.

जोतिबाची चैत्र पौर्णिमेची यात्रा म्हणजे गुलालानं लाल झालेला डोंगर आणि आभाळात डोलणाऱ्या सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या. शहरापासून डोंगर अठराएक किलोमीटर. यात्रेच्या दिवशी खासगी गाडी खालीच अडवतात, एसटीनंच जावं. सासनकाठ्यांची मिरवणूक दुपारी असते, तेव्हा देवळाच्या आवारात अडकण्याऐवजी वरच्या पायऱ्यांची किंवा ओवरीची जागा सकाळीच धरा. कपडे पुन्हा वापरायचे नाहीत असेच घाला, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, चष्मा असेल तर तो आणि दम्याचा त्रास असेल तर मुखपट्टी विसरू नका. लोक गुलालाबरोबर खोबरंही उधळतात, वाटीचा तुकडा डोक्यात बसतो, म्हणून टोपी बरी.

एवढी गर्दी झेपणार नसेल तर माघी पौर्णिमेनंतरच्या रविवारी खेट्याला जा. लोक पहाटे कोल्हापुरातून अनवाणी निघतात आणि कुशिरेमार्गे डोंगर चढतात. असे पाच रविवार असतात. तुम्ही चपला घातल्यात तरी कुणी हटकत नाही. पहाटे चारला निघालात तर ऊन चढायच्या आत वर पोचता. वाटेत कुणी ‘चांगभलं’ म्हटलं की उलट ‘चांगभलं’ म्हणायचं. उतरताना पाय भरून येतात, तेव्हा परतीला वरून एसटी धरा.